रूप परमाणूचे की अवयवीचे?
काळा घट भट्टीत लाल होतो, तेव्हा हा पालट सुट्या परमाणूंत घडतो असे वैशेषिकांचा पीलुपाकवाद सांगतो, तर तो अखंड घटातच, म्हणजे अवयवांनी बनलेल्या ‘अवयवी’त घडतो, असे नैयायिकांचा पिठरपाकवाद मानतो. या जुन्या आणि अतिशय मोलाच्या वादाकडे सोने-चांदीच्या द्विधातुक नॅनोरचनांमुळे, म्हणजे मीटरच्या अब्जांशांत मोजल्या जाणाऱ्या कणांमुळे, पुन्हा पाहावे लागते. सोन्याच्या सूक्ष्म गोल कणांचे द्रावण लाल दिसते, कारण त्यांतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाने एकत्रित आंदोलित होऊन ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात. कण दांडीसारखा लांबट घडवला की मुख्य शोषण तांबड्या-अवरक्त प्रकाशाकडे सरकते, आणि वर चांदीचे कवच चढवले की ते निळ्याच्या दिशेने परतते. सोन्याचा एकटा परमाणू असा लाल नसतो, म्हणून येथे नैयायिकांचा पक्ष निःसंशय अधिक बळकट ठरतो. तथापि चौथ्या शतकातील रोमन लायकर्गस चषक, ज्याच्या काचेत सोने-चांदीचे असेच कण आहेत, बाहेरून उजेड पडला असता हिरवा आणि आतून पडला असता लाल दिसतो. रूप हा द्रव्यात वसणारा गुण मानणाऱ्या दोन्ही दर्शनांना या चषकाचे उत्तर द्यावे लागेल.