अतिथिगृहाचे मूळ

बोरिवलीच्या धक्क्यावरून बोटीने खाडी ओलांडली की थोड्याच वेळात आपण गोराईस उतरतो. नकाशात हे गाव मुंबईचेच. परंतु तिवरांची झाडी, जुने क्रूस आणि किनाऱ्यावरच्या होड्या दृष्टीस पडल्या की शहर मागे राहिले असे वाटते. या वाटण्यासाठीच लोक येथे येतात, आणि त्यांच्यासाठी येथे विश्रामगृहे उभी राहिली. अशा ठिकाणी कोणी जपानातील उष्ण झऱ्यांवरील अतिथिगृहाच्या धर्तीवर, परंतु 'स्थानिक संस्कृतीत रुजलेले' असे नवे घर बांधावयाचे मनात आणिले, तर 'रुजलेले' या शब्दाचा अर्थ काय करावा, हा प्रश्न आम्हांस विचारणीय वाटतो. तो वरवर वास्तुशास्त्राचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे.

पहिला आक्षेप असा येईल की, जपानची वस्तू गोराईत आणणे हेच मुळी अनुकरण होय. आम्हांस तसे वाटत नाही. गोराईचा विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. त्याचा आकार रंगूनच्या श्वेडगोन पॅगोड्याचा, दगड जोधपूरचा, आणि सुमारे आठ हजार साधक बसतील एवढ्या दालनावरचा घुमट एकाही खांबाच्या आधाराशिवाय, दगडात दगड गुंतवून तोललेला. ज्या ब्रह्मदेशाने ही साधना जतन केली त्याचे ऋण मान्य करण्यासाठीच तो आकार घेतला आहे. उसने घेतले आणि तसे उघड सांगितले, तर त्यात कमीपणा कसला? उलट, भिंतीवर वारली चित्रे काढावी, सेवकांस कोळ्यांचा वेष द्यावा आणि त्यास संस्कृती म्हणावे, यात वस्तू सगळ्या आपल्या असूनही व्यवहार खोटा असू शकतो.

जपानी अतिथिगृहापासून घ्यावयाचे ते काय, हेही पाहिले पाहिजे. केंगो कुमा या वास्तुशिल्पज्ञाने यामागाता प्रांतात गिंझान येथील 'फुजिया' हे जुने लाकडी अतिथिगृह २००६ मध्ये नव्याने रचिले. बांबूच्या अगदी बारीक पट्ट्यांच्या पडद्यांतून तेथे प्रकाश गाळून येतो. घर आधुनिक आहे, पण ओढ्याकाठच्या जुन्या घरांच्या ओळीत ते उभे राहू शकते. हे कौशल्य स्तुत्य खरेच. तथापि त्या स्नानाचा आत्मा बांबूत नाही. तो एका साध्या नियमात आहे: कुंडात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने बाहेर बसून अंग स्वच्छ धुतले पाहिजे, कारण पाणी एकट्याचे नसते. मात्सुयामा येथील दोगोचे प्रसिद्ध स्नानगृह १८९४ मध्ये बांधले गेले. ते गावाचे स्नानगृह आहे. प्रवासी तेथे जातो तो गावकऱ्यांच्या पाण्यात उतरतो. गावकरी त्याच्या करमणुकीसाठी तेथे आलेले नसतात.

आपल्याकडेही असे पाणी आहे. कोकणात उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे या गावांच्या नावांतच उष्णता आहे. गोराई ज्या धारावी बेटावर आहे, ते मराठ्यांनी १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेतच जिंकले; आणि वसई हाती आल्यावर चिमाजी आप्पांनी नवस फेडण्यासाठी जे मंदिर उभारविले, त्या वज्रेश्वरीजवळ तानसा नदीच्या काठी अकलोलीची उष्ण कुंडे आहेत. यात्रेकरू तेथे स्नान करतात. तेव्हा परंपरा शोधावयास जपानास जाण्याची गरज नाही, असे कोणी म्हणेल.

परंतु येथेच आम्ही वाचकांस थांबण्याची विनंती करतो. परंपरा म्हणजे सर्वस्वी पुण्याईच नव्हे. महाडजवळ सव येथे उष्ण झरे आहेत; आणि त्याच महाडात, नगरपालिकेने ठराव करून खुले केलेल्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यासाठी डॉ. आंबेडकरांस २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. त्या हक्कावर मुंबई उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हावयास १९३७ साल उजाडले. जपानही यातून सुटलेला नाही. ओतारू येथील एका स्नानगृहाने परकीयांस मज्जाव केला, तेव्हा साप्पोरो जिल्हा न्यायालयाने २००२ मध्ये तो अन्याय्य भेदभाव ठरवून नुकसानभरपाई देवविली. म्हणजे मज्जावही स्थानिकच असू शकतो, आणि त्याची मुळेही खोल असू शकतात. म्हणून 'रुजलेले' एवढ्याने काही सिद्ध होत नाही. काय रुजवावयाचे आणि काय उपटावयाचे, याचा निवाडा आपणांसच केला पाहिजे.

आता पुन्हा गोराईकडे वळू. येथे उष्ण झरा नाही. कुंड बांधले तर पाणी कोठून तरी उपसावे आणि तापवावे लागेल. येथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात लग्नाच्या आधी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणण्याचा 'उंबराचे पाणी' नावाचा विधी आहे. समजा, एखाद्या अतिथिगृहाने हा विधी पाहुण्यांसमोर रोज सायंकाळी करून दाखविला, आणि त्याच अतिथिगृहाच्या कूपनलिकेने गावाची विहीर आटली. तर त्या घरास संस्कृतीत रुजलेले म्हणावे काय? याच्या उलट, दुसऱ्या एखाद्या घराचे छप्पर सपाट आहे, भिंतीवर एकही चित्र नाही. पण ते पावसाचे पाणी साठविते, सांडपाणी शुद्ध केल्यावाचून खाडीत सोडीत नाही, गावच्या माणसांस चाकरी देते तशी भागीदारीही देते, आणि आठवड्यातून काही दिवस कुंडाचे दार गावास माफक दरात उघडते. आमच्या मते हे दुसरे घर अधिक गोराईचे आहे.

असे घर चालविणे परवडेल काय, हा व्यवहारी माणसाचा प्रश्न रास्त आहे. कदाचित नफा थोडा कमी होईल. परंतु अतिथीस देव मानण्याची शिकवण देणाऱ्या आपल्या समाजाने एक गोष्ट विसरू नये: अतिथी होण्यासाठी प्रथम कोणी यजमान असावा लागतो. गोराईचा यजमान गोराईकर आहे. त्यासच आपल्या गावातील कुंडाच्या दारात परका म्हणून अडविले, तर आत शिरलेला पाहुणा तरी कोणाचा पाहुणा, हे बांधणाऱ्याने पाया घालण्यापूर्वीच स्वतःस विचारावे.