तड्याचा जन्मकाळ

पुनःपुन्हा भरून वापरलेले रायफलीचे काडतूस एखाद्या दिवशी बार उडताच बुडाजवळ दुभंगते, बुडाचा तुकडा तेवढा बाहेर पडतो आणि उरलेली पितळी पुंगळी नळीतच रुतून बसते, तेव्हा चौकशी करणारा मनुष्य बहुधा त्या शेवटच्या बारावरच गुन्हा शाबीत करून मोकळा होतो. दारू अधिक पडली असेल किंवा पितळ हिणकस असेल, एवढ्यावर दप्तर बंद होते. परंतु हा तडा नेमका जन्मला केव्हा, हा प्रश्न ज्याने एकदा मनावर घेतला, तो पाहता पाहता कार्यकारणभावाच्या फार जुन्या वादात जाऊन पोहोचतो.

ली-एन्फील्ड रायफलीचे .३०३ काडतूस घ्या. त्याच्या बुडाला कंगोरा असतो व त्यावरच ते नळीच्या मागच्या तोंडाशी ठरते. पुढचा कोठा मात्र रणांगणावरची धूळ-चिखल लक्षात घेऊन ऐसपैस ठेवलेला असतो. बार उडाला की पुंगळीची पातळ भिंत फुगून कोठ्याला घट्ट धरते, जाड बूड मागे बोल्टवर रेटले जाते, आणि या ओढाताणीत बुडाच्या किंचित वर पितळ ताणून पातळ होते. भरणाऱ्याने साच्यात दाबून तिचा खांदा पुन्हा मागे बसवला, की पुढल्या बाराला तीच ओढाताण नव्याने सुरू. त्या जागी बाहेरून एक चकचकीत कडे दिसू लागते. पण तसेच कडे साच्याच्या घर्षणानेही उमटत असल्यामुळे नैयायिकांच्या परिभाषेत तो सव्यभिचार हेतू होय, आणि केवळ त्यावर विसंबणारा फसतो. जाणता मनुष्य तारेचे टोक वाकवून पुंगळीत घालतो व आतल्या भिंतीवरून हलकेच वर ओढतो. टोक बुडाजवळच्या खाचेत अडखळले, तर पुंगळी अद्याप अखंड दिसत असूनही तो ती मोडीत काढतो. मानेवरच्या उभ्या तड्याची कैफियत निराळी असते: फुगण्या-आवळण्याच्या फेऱ्यांत तेथील पितळ कठीण व ठिसूळ झालेले असते. कार्यावरून कारणाकडे जाणारे हे अनुमान न्यायशास्त्रातले शेषवत् अनुमान होय.

आता सत्कार्यवादी सांख्य म्हणेल की तडा कारणात अव्यक्तरूपाने पूर्वीपासूनच होता. नैयायिक म्हणेल की तो सर्वस्वी नवा उपजला. या दोघांपुढे एक पुरावा ठेवण्याजोगा आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील लष्करी कोठारांतली काडतुसे, एकही बार न उडता, पावसाळ्यात नुसती पडल्या जागी तडकत. १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी या विकाराची मीमांसा केली: पितळ घडवताना त्यात राहून गेलेला ताण हे एक कारण, आणि दमट हवेतला अमोनिया, जो पागेतील घोड्यांच्या मूत्रातून येई, हे दुसरे. पितळ बेताच्या आचेवर तापवून तो ताण उतरवला, की त्याच हवेत तडा टळतो.

तडा जर आधीपासून होताच, तर तो या उपायाने टळला कसा? अव्यक्त होता म्हणून, असे सांख्य म्हणेल. पण मग अभिव्यक्ती तरी आधीपासून होती काय, हा नैयायिकांचा आक्षेप त्याला चुकत नाही. आणि तडा सर्वस्वी नवा म्हणावा, तर त्याच हवेतले ताण उतरवलेले पितळ शाबूत का राहते, याचे उत्तर पितळाच्या पूर्ववृत्तातच शोधावे लागते. मला येथे वैशेषिकांचा आधार अधिक वाटतो. ताणलेली वस्तू ज्याच्या योगाने पूर्वस्थितीस येते तो स्थितिस्थापक, आणि अनुभव ज्याच्या योगाने आत्म्यात ठसा ठेवून जातो ती भावना, या दोहोंना त्यांनी संस्कार या एकाच गुणाखाली घातले आहे. पितळात राहून गेलेला ताण हाही असाच एक संस्कार. संस्कार हा दोष नव्हे. तथापि दोषाला जागा तोच करून देतो, आणि तो उतरवण्याची मुदतही तड्याच्या अगोदरपर्यंतच असते. मानेतला ताण आचेने उतरतो. बुडाजवळची झीज आचेने भरून येत नाही, उलट बूड तापवून मऊ केले तर ते पुढल्या बाराला हमखास दगा देते.

वेदान्त्यांनी संचित व प्रारब्ध असा जो भेद केला, ज्यात पहिले ज्ञानाने नाहीसे होते व दुसरे भोगूनच सरते, त्याचे व्यावहारिक मर्म मला हेच दिसते. आपल्याकडे कर्माचा सिद्धान्त बहुधा अनर्थ होऊन गेल्यावर, सांत्वनासाठी किंवा दुसऱ्यावर ठपका ठेवण्यासाठी उच्चारला जातो. परंतु ज्या सिद्धान्ताने काही कर्मे अद्याप फळाला आलेली नाहीत असे स्पष्ट सांगितले, त्याचे पहिले मागणे वेळीच केलेल्या परीक्षेचे आहे, आणि ती न करता प्रारब्धाकडे बोट दाखवणाऱ्याला त्या सिद्धान्ताची साक्ष काढण्याचा अधिकार नाही.