घरचें गाणें

जन्मानें मिळालेली गोष्ट आपली म्हणावी काय? प्रश्न ऐकावयास सोपा आहे. पण प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां तो उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. वैद्याच्या मुलानें वैद्य व्हावें, दुकानदाराच्या मुलानें गल्ल्यावर बसावें, अशी आईबापांची इच्छा असते. ती बोलून दाखविली नाहीं तरी मुलांना ऐकूं येते. या प्रश्नाचा विचार आज आम्ही थोड्या दूरच्या उदाहरणावरून करणार आहों. कारण जवळच्या उदाहरणांत ममता आड येते आणि दृष्टि स्वच्छ राहत नाहीं.

अमेरिकेच्या दक्षिण भागांत ‘ब्लूग्रास’ नांवाचें एक संगीत आहे. मँडोलिन, फिडल, पांच तारांचा बँजो, गिटार आणि उभा बास हीं त्याचीं वाद्यें. ढोल त्यांत सहसा नसतो. बिल मन्‌रो या गायकानें १९३९ सालीं आपल्या ताफ्याला केंटकी या स्वतःच्या प्रांताच्या टोपणनांवावरून ‘ब्लू ग्रास बॉइज’ असें नांव दिलें, आणि पुढें तेंच त्या संगीताचें नांव झालें. भावाभावांचे, बापलेकांचे, किंबहुना अख्ख्या कुटुंबांचे ताफे या संगीतांत आरंभापासून दिसतात. त्याला कारणहि आहे. एका घरांत वाढलेल्या माणसांचे उच्चार सारखे असतात. शब्द कोठें लांबवावा, श्वास कोठें घ्यावा, याची संवय सारखी असते. त्यामुळें त्यांचे आवाज एकमेकांत असे मिसळतात कीं, परक्यांना वर्षानुवर्षें तालीम करूनहि तें साधणें कठीण जातें. जाणकार याला रक्ताचा मेळ म्हणतात.

परंतु रक्त केवळ मेळच देतें असें नाहीं. मन्‌रो १९११ सालीं रोझीन या खेड्यांत जन्मला. आठ भावंडांत तो सर्वांत धाकटा. थोरल्या भावांनीं फिडल आणि गिटार आधींच घेतलीं होतीं, म्हणून त्याच्या वांट्याला उरलेलें मँडोलिन आलें. आणि त्याचा आवाज फार होऊं नये म्हणून आठांपैकीं चारच तारा ठेवण्यास त्याला सांगितलें, अशी हकीकत आहे. पुढें चार्ली हा भाऊ आणि तो, अशी जोडी नांवारूपास आली, १९३६ पासून त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघूं लागल्या, आणि १९३८ सालीं ती जोडी फुटली. त्यानंतर बिलनें जें केलें तें लक्षांत घेण्याजोगें आहे. घरानें नाइलाजानें हातीं दिलेलें तें वाद्य त्यानें टाकलें नाहीं. त्यालाच साऱ्या ताफ्याच्या अग्रभागीं नेलें. वाद्य दुसऱ्यांनीं दिलें, पण त्यांतून निघालेला नाद कोणीं दिला? शिवाय त्याची सारी विद्या रक्ताच्या नात्यांतली नव्हती. फिडलचें वळण मामाकडून आलें हें खरें. पण आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णी वादकाचेंहि ऋण त्यानें मान्य केलें आहे. वारसा म्हणजे केवळ वंश नव्हे, हें यावरून दिसतें.

दुसरें उदाहरण व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागांतील स्टॅन्ली बंधूंचें. राल्फ लहान असतां, त्याला डुक्कर घेऊन द्यावें कीं बँजो, असा प्रश्न आईनें त्याच्यापुढें ठेवला. दोन्ही घेण्याइतका पैसा घरांत नव्हता. राल्फनें बँजो मागितला, आणि आईनेंच त्याला पहिला हात शिकविला. १९४६ सालीं कार्टर आणि राल्फ या दोघां भावांनीं ताफा उभा केला. बोलणें, श्रोत्यांना हंसविणें, मुख्य सूर धरणें हीं सारीं कामें कार्टरचीं. राल्फ मुळचा अबोल. १९६६ च्या डिसेंबरांत, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षीं, कार्टर वारला. राल्फला त्या वेळीं घरीं बसतां आलें असतें, आणि कोणीं त्याला बोलहि लाविला नसता. त्यानें ताफा चालू ठेवला. २०१६ त मृत्यु येईपर्यंत तो गायक म्हणूनच ओळखला गेला. लहानपणीं एकदां केलेली निवड त्यानें प्रौढपणीं, भावाच्या आधारावांचून, पुन्हां केली. आणि आमच्या मतें तो बँजो त्या दुसऱ्या निवडीनेंच खरोखर त्याचा झाला.

यावर कोणी म्हणेल, ‘बाप हाच जेथें म्होरक्या, तेथें मुलाची निवड ती कसली? नकार द्यावा तर बाप पंगतींतहि दुखावतो आणि रंगमंचावरहि.’ आक्षेप खरा आहे. म्हणून आणखी एक उदाहरण देतों. चेरीहोम्स नांवाच्या कुटुंबांत १९९९ सालीं थोरली मुलगी वारली. त्या दुःखांतून मन काढावें म्हणून आईबाप व चार मुलें एका ब्लूग्रासच्या मेळ्यास गेलीं, आणि घरीं येऊन एकत्र वाजवूं लागलीं. २००५ सालीं त्या क्षेत्रांतील वर्षाच्या सर्वोत्तम कलावंतांचा मान त्यांना मिळाला. २०११ सालीं, मुलें मोठीं झाल्यावर, तो ताफा बंद झाला. हें अपयश म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या घरांतून मुलांना बाहेर पडतां येतें, त्याच घरांत त्यांचें राहणें त्यांच्या मनाचें असूं शकतें. दार बंद असेल तर आंत बसलेल्याच्या निष्ठेची परीक्षा कशी व्हावी?

जुन्या पद्धतीचे ब्लूग्रास ताफे एकाच मायक्रोफोनभोंवतीं उभे राहून गात. ज्याची पाळी तो पुढें येई, आपलें वाजवी, आणि मागें सरून दुसऱ्यास वाट देई. डेल मॅकॉरी आणि त्याचे मुलगे रॉनी व रॉब यांनींहि हीच रीत चालविली. बाप वयानें, अनुभवानें मोठा. तरीहि लेकाची पाळी येतांच तो बाजूस होई. कुटुंबाचा धर्म याहून सोप्या रीतीनें सांगतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर असें: जन्मानें मिळालेली गोष्ट आपली असते, पण अर्धी. उरलेली अर्धी ती पुन्हां मागून घेणाऱ्याची. आणि ती मागण्यास, किंवा न मागण्यास, मुलाला अवसर ठेवणें हें देणाऱ्याचें कर्तव्य होय. आपल्या मुलाच्या हातीं जें दिलें, त्याच्या कांहीं तारा आपण काढून तर घेतल्या नाहींत ना, एवढें प्रत्येक आईबापानें एकदां तपासून पाहावें.