किंमत कोणी मोजली?

“तालिबानने अफगाणिस्तानात १९९६ ते २००१ या काळात गाण्यावर बंदी घातली, कॅसेटच्या फिती ओढून खांबांना टांगल्या. त्याच देशात, काबुलात, २००५ साली टीव्हीवर ‘अफगाण स्टार’ ही गाण्याची स्पर्धा सुरू झाली. ताजिक, हजारा, पश्तून एकाच मंचावर गायले, लोकांनी मोबाइलवरून मतं दिली. मावशी, एवढा बदल भाषणांनी घडला असता का?”

“सिताराचं सांग.”

हेरातची सितारा हुसैनजादा २००८ मध्ये स्पर्धेतून बाद झाली, तेव्हा निरोपाचं गाणं म्हणताना थोडी नाचली. डोक्यावरची ओढणी खांद्यावर आली. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तिला लपून राहावं लागलं.

“पण तिच्यामुळेच वाट उघडली. २०१९ मध्ये जाहरा इल्हाम जिंकली, पहिलीच स्त्री.”

“अकरा वर्षांनी. कार्यक्रमाला प्रेक्षक मिळाले, तुला लेखाला विषय मिळाला. भीती तेवढी सिताराच्या वाट्याला.”

“निर्णय तिचाच होता ना?”

“होता. म्हणून तिला मंचावर बोलावणाऱ्यांची जबाबदारी संपते?”

“मग बायकांनी गायचंच नाही? गायिका परवीन १९५१ सालीच काबूल रेडिओवर गायली.”

“रेडिओ सरकारचा होता. सिताराच्या पाठीशी कोण होतं?”

यावर मला नीट बोलता आलं नाही. मावशीच पुढे म्हणाली, “आणि तालिबानला सूर नको असतो, असं लिहू नकोस. त्यांचे तराणे असतात, वाद्यांशिवाय गायलेले. तेही मोबाइलवरून फिरतात. त्यांच्या २०२४च्या कायद्याने बाईचा आवाजच झाकायचा ठरवला. भांडण फक्त वाद्यांशी नव्हतंच.”

“म्हणूनच सितारा मोठी वाटते मला!”

“मोठी आहेच. पण मोठेपण लादणारे आपण कोण? अहमद सरमस्तांकडे बघ. २०१०मध्ये काबुलात संगीतशाळा काढली, मुलामुलींना एकत्र शिकवलं. २०१४मध्ये एका स्फोटात स्वतः जखमी झाले, तरी शाळा सोडली नाही. २०२१मध्ये तालिबान परतल्यावर विद्यार्थ्यांना पोर्तुगालला नेलं. पोरींना पुढे करायचं, तर असं.”

“म्हणजे त्या पोरी वाचल्या आणि काबुलातलं गाणं गेलं.”

“पोरी वाचल्या ना? मला पुरे.”

“मला नाही पुरत, मावशी. हेरातमध्ये आज जी मुलगी दार लावून गुणगुणते, तिला पोर्तुगालला कोण नेणार?”

“कोणी नाही. म्हणून तिला मंचावर ये म्हणायचा हक्कही आपल्याला नाही.”

“आणि ती आपणहून आली तर?”