पाऊस उघडल्यावरचं पाणी

आजच्या मननाला एक अख्खा दिवस लागेल. शक्यतो असा दिवस निवडा की आधीचे दोन-तीन दिवस पाऊस उघडलेला असेल. सप्टेंबर सरत आला की असे दिवस मिळतात. जायचं आहे साताऱ्याच्या पश्चिमेला, कास पठार ओलांडून भांबवलीला, वजराई धबधब्यापाशी. प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर घरी शांत बसा आणि मनाने सोबत चला. दोन्ही वाटा चालतील, फक्त घाई नको.

वजराई तीन टप्प्यांत कोसळतो. त्याची उंची 560 मीटर सांगतात. हा आकडा एकदा ऐका आणि बाजूला ठेवा, आज त्याचं काही काम नाही. आज एकच प्रश्न बरोबर घ्यायचा आहे. पाऊस थांबला आहे, आभाळ निवळलं आहे, तरी डोंगरातून पाणी वाहतंच आहे. हे पाणी येतं कुठून?

उत्तर तुम्हाला ठाऊक असेल. तरीही ते लगेच देऊ नका. दिवसभर प्रश्न तसाच राहू द्या.

साताऱ्याचा बोगदा डावलून यवतेश्वरचा घाट चढलात की गाडी एका लांब डोंगरधारेवर येते. डावीकडे उरमोडीचं खोरं, उजवीकडे वेण्णेचं. डावीकडे दूरवर सज्जनगड दिसेल आणि त्याच्या पायथ्याला उरमोडी धरणाचा जलाशय. त्या पाण्याकडे नीट बघून ठेवा. आज ज्या धारेपाशी आपण जाणार आहोत तिचं पाणी इथेच येतं. आपण नदीच्या उलट दिशेने, तिच्या उगमाकडे निघालो आहोत.

कासला पोहोचलात की थांबा. फुलं पाहायला लोक इथे येतातच, तुम्हीही पाहा. पण आधी जिथे परवानगी आहे अशा जागी, रुळलेल्या वाटेच्या कडेला, खाली बसा. उभ्याने पाहिलं तर पठार म्हणजे रंगाचा एक पसारा दिसतो. बसल्यावर तो पसारा सुटा होतो. गेंदाचे पांढरे गोंडे, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं, तेरड्याचा गुलाबी पट्टा. आता फुलांवरून नजर खाली आणा. खाली माती कितीशी आहे? बहुतेक ठिकाणी काही इंच. तिच्याखाली जांभा, आणि जांभ्याला जिकडेतिकडे छिद्रं.

त्या छिद्रांवर नजर स्थिर करा. समुद्रसपाटीपासून सुमारे 1200 मीटर उंचीवरच्या या सड्यावर चार महिने पाऊस कोसळतो. मातीचा थर इतका पातळ की तिच्यात फार पाणी मावत नाही. उरलेलं काही वरून ओहोळांनी निघून जातं आणि काही या छिद्रांतून, भेगांतून खाली उतरतं. दगड सच्छिद्र आहे म्हणून ते आत जातं. त्याच्याखाली चिकणमातीचा आणि कठीण काळ्या दगडाचा थर लागतो, तिथे ते अडतं. अडलं की आडवं सरकत जातं आणि उताराला वाट सापडेल तिथे पाझरून बाहेर येतं. हे सगळं तुमच्या बैठकीखाली, या क्षणी चाललेलं आहे. कान देऊन काही ऐकू येणार नाही. फक्त ते चाललेलं आहे, एवढं मनात येऊ द्या.

जवळपास ओलसर जागी दवबिंदू नावाची वनस्पती दिसते का बघा. बोटाएवढी, तांबूस, पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. त्या थेंबांत एखादं चिलट अडकलेलं असेल. पावसाने धुऊन निघालेल्या या जमिनीत नत्र फार थोडं असतं, म्हणून ही वनस्पती कीटकांतून ते मिळवते. सीतेची आसवंही तेच करतात, फक्त जमिनीखाली, बारीक पिशव्यांनी पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून. इतका पाऊस पडूनही इथलं जीवन श्रीमंतीत वाढलेलं नाही. जे थोडं हाती लागतं ते धरून ठेवण्यावर ते उभं आहे. हा विचार पूर्ण करू नका. तसाच सोबत न्या.

पुढे कास तलाव लागतो. डोंगरावरच्या या तलावाचं पाणी साताऱ्याला जातं. तलाव मागे पडला की रस्ता बदलतो. पावसाने खडी उखडलेली असते, खड्ड्यांची खोली बाहेरून कळत नाही, गाडी हेलकावे खाते आणि एखाद्या दगडावर चेंबर आपटेल या धास्तीने चालवणारा पहिल्या गिअरवर येतो. चिडचिड होऊ लागेल. ती झाली तर हरकत नाही, तिच्याकडेही बघा. आपल्याला एक दिवस हा रस्ता नकोसा होतो. इथल्या माणसांना दळणाला, बाजाराला, दवाखान्याला रोज हाच रस्ता असतो. अडलेल्या बाळंतिणीला याच खड्ड्यांतून न्यावं लागतं. या खोऱ्यांतल्या कितीतरी घरांतली माणसं पोटासाठी मुंबईला गेली, माथाडी झाली आणि गणपतीला, जत्रेला याच रस्त्याने परत येत राहिली. रस्ता खराब असणं आपल्यासाठी सहलीचा भाग असेल. त्यांच्यासाठी ते तसं नाही, हे विसरून पुढे जाऊ नये.

एखाद्या रुंद जागी गाडी थांबवा आणि उतरा. चाकोरीत पाणी साचलेलं असेल, तांबडं, गढूळ. दोन-तीन दिवस पाऊस नाही, तरी ते मुरलेलं नाही, कारण चाकांनी दाबून दाबून तिथली माती घट्ट झाली आहे. जोराचा पाऊस आला की हेच पाणी माती घेऊन उताराने पळतं. आता हातभर बाजूला, गवतात बघा. तिथेही तेवढाच पाऊस पडला होता. तिथे डबकं नाही, चिखल नाही. गवताच्या मुळांतून पाणी खाली गेलं, आणि उताराच्या कडेला ते बारीक धारेने बाहेर येत असेल तर स्वच्छ दिसेल. ओंजळ धरावीशी वाटेल इतकं स्वच्छ.

एकच पाऊस, हातभर अंतर आणि दोन वेगळी पाणी. जमीन दाबली गेली की पाणी धरत नाही. पठारावर वाट सोडून फुलांत शिरू नका असं का सांगतात, त्याचं एक कारण इथे आहे. पायाखाली फुलं चिरडतात ते दिसतं. फुलांखालची तेवढीशी मातीही दबते, ते दिसत नाही. हजारो पावलांनी तिथेही चाकोरी तयार होते.

भांबवलीत पोहोचल्यावर गावातलं माहितगार माणूस सोबत घ्या. वर पाऊस झाला तर ओढा कुठे चढतो, कोणता दगड निसरडा आहे, कुठून पुढे जायचं नाही, हे त्यांना ठाऊक असतं. ते सांगतील तिथेच थांबायचं, पाण्यात उतरायचं नाही. आपण पाहायला आलो आहोत, आणि पाहायला अंतर लागतंच.

आता रान. अंजनी, जांभूळ, पिसा, मधे कारवीची दाटी. या वाटेवर बोलणं थांबवा. पाऊल टाकताना टाच टेकते, मग चवडा, एवढंच लक्षात घ्या. पायाखाली पाचोळा आहे, वरचा सुका, खालचा ओला, त्याखालचा कुजून काळा झालेला. पायाला जळू लागली तर घाबरू नका, ओढू नका, नखाने हळूच बाजूला सारा. तीही या ओलीवरच जगते. उन्हाळ्यात तुम्हाला ती दिसली नसती.

वाटेत शेवाळाने मढलेला एखादा दगड किंवा खोड सापडेल. त्यापाशी गुडघे टेका. शेवाळाच्या खालच्या कडेला एक थेंब जमत असेल. तो एकदम पडत नाही. आधी कडेला नुसती चमक दिसते, मग फुगीर होते, मग वजनाने खाली ओढली जाते, थरथरते आणि सुटते. त्याच जागी पुन्हा चमक. पाऊस दोन-तीन दिवसांपूर्वी थांबला, या शेवाळाचा पाऊस अजून थांबलेला नाही. असे दहा थेंब सुटेपर्यंत तिथून उठू नका. मन मधेच दुसरीकडे जाईल. जाऊ द्या, पुढच्या थेंबाला परत या.

थोड्या वेळाने धबधब्याचा आवाज येऊ लागतो. आधी तो वाऱ्यासारखा वाटतो, मग त्यात खोली येते. पाण्याजवळ शीळकरी कस्तूराची शीळही कानावर पडू शकते. हा गडद निळा पक्षी ओढ्याकाठी राहतो आणि कधीकधी पाणी कोसळतं त्याच्या आडोशाच्या कपारीत घरटं बांधतो. मग झाडं विरळ होतात आणि कडा समोर येतो.

पहिली काही मिनिटं काहीच करू नका. ज्याच्यासाठी आलो ते समोर आहे, मन भरू द्या. फोटो नंतर काढा.

नंतर एक करा. धारेच्या माथ्यावर पाण्याचा एक पुंजका निवडा आणि नजरेने त्याच्याबरोबर खाली या. तो वर पांढरा आणि घट्ट असतो, मधे फाटतो, खाली धुकं होऊन विरतो. पुन्हा वर जा, दुसरा पुंजका घ्या. मग मिनिटभर नजर धारेच्या मधोमध एकाच ठिकाणी ठेवा, पापणी शक्य तितकी कमी लववा. आणि मग एकदम शेजारच्या कोरड्या खडकाकडे बघा. खडक वर सरकू लागेल. 1834 साली रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी हा अनुभव घेऊन लिहून ठेवला. खाली जाणाऱ्या गतीला डोळ्यामागची यंत्रणा सरावते, आणि ती गती नाहीशी झाली की स्थिर दगडात उलटी गती भासते. काही क्षणांत भास ओसरतो. दगड पुन्हा दगड होतो.

तो ओसरला तरी नजर पाण्याकडे नेऊ नका. खडकावरच ठेवा. सगळ्यांचे डोळे पाण्यावर असतात, आपल्या प्रश्नाचं उत्तर मात्र खडकात आहे. हा काळा कातळ म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, एकावर एक निवलेले. काही थर कठीण, काही ठिसूळ. पाणी ठिसूळ थर लवकर खातं, कठीण थर तग धरतो, त्यातून पायऱ्या पडतात. आता मुख्य धारेपासून बाजूला या. जिथे धबधबा नाही त्या कड्यावर आडव्या हिरव्या रेघा दिसतील. शेवाळ, नेचे, थोडं गवत, एकाच उंचीवर दूरपर्यंत गेलेलं. दोन थरांच्या सांध्यातून तिथे पाणी झिरपतं आहे. वरून कुणी ओतत नाही, डोंगराच्या पोटातून येतं आहे.

सकाळचा प्रश्न आता काढा. पाऊस थांबल्यावर वाहणारं हे पाणी कुठून आलं? पठाराच्या छिद्रांतून, गवताच्या मुळांतून, पाचोळ्यातून, शेवाळाच्या त्या थेंबातून, थरांच्या सांध्यातून. ज्याने ज्याने पाणी थोडा वेळ धरलं आणि मग सोडलं, त्या सगळ्यांकडून. धो धो पावसात कोणत्याही उतारावरून धार लागते. पाऊस उघडल्यावर जी धार राहते ती डोंगराने राखून ठेवलेली असते. आपण जिला धबधबा म्हणून पाहायला आलो तिच्यामागे हे एवढं मोठं धरणं आणि सोडणं आहे, आणि ते जवळजवळ सगळं नजरेआड आहे.

आता पाण्याबरोबर मनाने पुढे जा. ही उरमोडी. परळीजवळ ती धरणात अडते. तिथून तिचं पाणी उचलून जिल्ह्याच्या पूर्वेला, खटाव आणि माणकडे नेलं जातं. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आहे आणि माणमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्या माणमधल्या कितीतरी गावांनी गेल्या दशकात उन्हातान्हात श्रमदान करून डोंगरउतारांवर सलग समतल चर खणले, की पडेल तो पाऊस पळू नये, मुरावा. पठार जे आपोआप करतं ते त्या माणसांनी टिकाव-फावड्याने केलं. हाताला फोड आणून केलं. वजराईच्या धारेपुढे उभं राहून त्या चरांची आठवण ठेवली नाही तर हे पाहणं अर्धवट राहील.

प्रश्न शेवटी स्वतःकडे वळवा. माझ्यावर पडलेलं मी किती धरतो? कुणाची माया, कुणी शिकवलेलं काही, हातात आलेले चार पैसे, कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट. यातलं किती माझ्यातून तसंच वाहून गेलं, कारण रोजच्या धावपळीने माझीही जमीन दाबून घट्ट केली आहे? आणि जे धरलं त्यातलं किती नंतर, गरजेच्या वेळी, कुणाला मिळालं? नुसतं धरणारं डबकं होतं, नुसतं सोडणारा लोंढा होतो. उत्तर शब्दांत मांडायची गरज नाही. एखादं माणूस आठवलं, ज्याच्याकडे सगळ्यांचा पाऊस संपल्यावरही आपल्यासाठी काही असायचं, तर पुरे. असं माणूस बहुतेकांना आठवतं.

परतीचा रस्ता तोच आहे, तितकाच खडबडीत. घरी पोहोचल्यावर थकवा येईल, एक दिवस विसावा घ्या. त्यानंतर मात्र आपल्या अंगणात, सोसायटीच्या आवारात, शेताच्या बांधावर एक फेरी मारा. पावसाचं पाणी कुठे मुरतं आणि कुठे फरशीवरून, सिमेंटवरून नुसतं पळून जातं ते बघा. जिथे पळतं तिथे हातभर तरी जमीन मोकळी करता येते का, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोला. डोंगर हे काम कधीपासून करत आला आहे. आपल्या वाट्याचं हातभर आपण करायचं आहे.