मेलेल्या कलमाखाली गुन्हे

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई आणि आसपासचा परिसर कडकडीत बंद होता. हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे, अशा आशयाची पोस्ट पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर टाकली. तिच्या मैत्रिणीने ती 'लाइक' केली. दुसऱ्या दिवशी दोघींना अटक झाली. पोस्ट टाकणारीच्या काकांच्या रुग्णालयाची जमावाने मोडतोड केली, ते वेगळंच. 'लाइक' करणारीने नेमका कोणता गुन्हा केला, हे मला आजवर कळलेलं नाही.

दोघींवर लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ होतं. इंटरनेटवरून घोर आक्षेपार्ह किंवा कुणाला त्रास देणारं काही पाठवलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास कशाला म्हणायचं हे कायद्यात कुठेच सांगितलेलं नव्हतं. ते तक्रारदाराने आणि ठाणे अंमलदाराने मिळून ठरवायचं. या अटकेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. एखाद्या मताची चर्चा करणं, त्याचा हिरिरीने पुरस्कार करणं आणि लोकांना चिथावणं, या तीन गोष्टी निकालाने वेगळ्या केल्या. बोलण्यावर बंधन येऊ शकतं ते तिसऱ्या पायरीवर. कुणाला बोचलं म्हणून नव्हे.

लाजिरवाणा भाग यापुढचा. रद्द झालेल्या या कलमाखाली देशभर हजारावर गुन्हे नोंदले गेल्याचं पीयूसीएल या संघटनेने २०२१ मध्ये न्यायालयापुढे मांडलं. त्यात सर्वाधिक, ३८१, आपल्या महाराष्ट्रात. न्या. नरिमन यांनाही ते धक्कादायक वाटलं. ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी दिलेलं कारण असं, की कायद्याच्या पुस्तकात कलम अजून छापलेलं असतं, ते रद्द झाल्याची नोंद तळटीपेत असते आणि गुन्हा नोंदवताना पोलीस तळटीप वाचत नाहीत. नागरिकाचं स्वातंत्र्य बारीक टायपात छापलेलं!

पोलिसांना नावं ठेवणं सोपं आहे. पण अशा प्रकरणांत ठाण्याची पायरी आधी चढतो तो आपल्यातलाच कुणीतरी, 'भावना दुखावल्या' म्हणत. दैवत माझं असो की तुमचं, त्याच्यावरची टीका झोंबणारच. झोंबलं तर चार ओळींचं उत्तर लिहावं, वाद घालावा, फार तर अबोला धरावा. बोलणाऱ्याला कोठडीत पाठवावंसं वाटतं, तेव्हा आपल्या श्रद्धेला पोलिसांचा टेकू लागतोय, हे तरी मान्य करावं. आणि ६६-अ गेलं म्हणून हत्यारं संपलेली नाहीत. पालघरच्या प्रकरणात लावलेलं दंडविधानातलं ५०५(२), म्हणजे गटागटांत वैर पसरवणाऱ्या विधानांवरचं कलम, आता भारतीय न्याय संहितेत ३५३(२) म्हणून आहेच.

१२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाला पुन्हा बजावावं लागलं, की ६६-अ खाली कुणावरही खटला चालवता येणार नाही आणि प्रलंबित प्रकरणांतूनही ते वगळावं. तेव्हा ओळखीतल्या कुणावर पोस्टवरून गुन्हा दाखल झाला, तर आधी एफआयआरची प्रत मागून घ्या आणि कलमं नीट वाचा. ६६-अ दिसलं, तर २४ मार्च २०१५ आणि १२ ऑक्टोबर २०२२ चे आदेश वकिलाच्या हाती द्या.