मोबदला आणि ऋण

मुंबईस वीज मिळावी म्हणून सरकारने १८९४ च्या कायद्याने मुळशी पेट्यातील जमिनी टाटांच्या धरणाकरिता घेतल्या. १९२१ च्या रामनवमीस मावळे सत्याग्रहास बसले. सेनापती बापटांनी तुरुंगवास सोसला. तथापि धरण झालेच.

पुष्कळांच्या हितासाठी थोडक्यांनी त्याग करावा, असे आपण सहज म्हणतो. परंतु दुसऱ्याकडून करविलेल्या त्यागास ते नाव शोभत नाही. शिवाय मोबदला मिळाला तो कागदोपत्रीच्या मालकास. मुळशीच्या कित्येक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. त्यांस रक्कम रुचली. कसणाऱ्या कुळास मात्र शेत आणि गाव दोन्ही अंतरली.

आमचेही दिवे अशाच विजेवर लागतात. ते विझवावेत, असे आम्ही म्हणत नाही. पण रक्कम चुकती झाली म्हणजे ऋण फिटले, असे मानण्यास आमचे मन धजत नाही.